फाटकापलीकडची घरं

साठी ओलांडलेला, मिशा पिकलेला, गावच्या उत्सव कमिटीत कायम पुढं पुढं करणारा बाप्या जमिनीवर पालथा पडून बोटाच्या पेराएवढ्या म्हशीला दोऱ्याचं शेपूट चिकटवतोय, हे बघून बायकोनं काय म्हणावं? शालनबाई म्हणाल्या, "गोठ्यात खरी जनावरं होती तवा एवढं लक्ष दिलं असतंत, तर माझी कंबर तरी वाचली असती."

मालोजी तापकिरांनी उत्तर दिलं नाही. दातांत चिमटा धरलेला होता ना!

निंबळे हे त्यांचं गाव. रावेतच्या अलीकडं, पुणे-मुंबई लाइनीला अगदी खेटून. म्हणजे होतं, असं म्हणायचं. आता कमानीवर नाव तेवढं उरलंय आणि कमानीतून आत गेलं की टॉवरच टॉवर. त्यातले दोन तापकिरांच्याच शेतात उभे आहेत आणि त्यातल्याच एकात मालोजीराव राहतात. जन्मभर चाकणला एका कंपनीत प्रेसशॉपला काम केलं. पहाटेची शिफ्ट, कंपनीची बस, कुरुळीच्या ट्रॅफिकमध्ये डुलक्या, असं करत करत रिटायर झाले. घरी बसल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वॉचमनशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी आणि टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या पोराशी भांडण काढलं. टीव्हीतला ऐकत नव्हता, तरी हे ओरडायचेच.

तेव्हा धावून आला तो साहेबराव. साहेबराव ओव्हाळ, त्यांचा बालमित्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत एका पट्टीवर बसलेला. गाव लाइनीच्या अलीकडं, बौद्धवस्ती लाइनीच्या पलीकडं आणि मधे रेल्वेचं फाटक, अशी निंबळ्याची रचना होती. वस्तीला गावात जुन्या काळी दुसरंच नाव होतं, ते आता कुणी चारचौघांत घेत नाही. मालोजी फाटकाशी उभा राहून "साहेब्याऽऽ" अशी हाळी द्यायचा, की साहेबराव पलीकडून पळत यायचा आणि मग दोघं फाटकाच्या कठड्यावर बसून गाड्या बघायचे. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून मालगाडी की मेल, यावर पैजा लागायच्या. पुढं साहेबराव भोसरीला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन झाला, वस्तीवरून मोठा रस्ता गेला, ओव्हाळांचं बिऱ्हाड चिंचवडला गेलं. दोस्ती मात्र टिकली. टिकली, असं मालोजीराव तरी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे.

"माल्या, चल माझ्यासंगं रविवारी," साहेबराव म्हणाला. "बसून बसून वहिनीचं डोकं खातोयस नुसता."

रावेतच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचा क्लब भरायचा. वाकडचे आयटीवाले, एक दाताचे डॉक्टर, रेल्वेतून रिटायर झालेले दोघं-तिघं असा सगळा लवाजमा. साहेबराव तिथं वायरिंग बघायचा आणि गाड्या चालवायचा. सेक्रेटरी होती तेजस्विनी, वाकडच्या आयटी कंपनीतली चुणचुणीत मुलगी. तिनं मालोजीरावांना पहिल्याच दिवशी पद्धत समजावून सांगितली. इथं प्रत्येकानं आपापल्या घरी एकेक फळी करायची. फळीवर रूळ, घरं, झाडं, काय वाटेल ते. फक्त दोन्ही टोकांना रूळ ठरल्या जागी आणि ठरल्या उंचीवर आले पाहिजेत, म्हणजे प्रदर्शनात याची फळी त्याच्या फळीला जोडली की गाडी सगळ्यांच्या फळ्यांवरून फिरते. लोक पुढून बघतात, म्हणून रूळ पुढच्या कडेकडं ठेवायचे. "टोकं तेवढी सांभाळा काका, मधे तुमचंच राज्य," तेजस्विनी म्हणाली.

हे 'तुमचंच राज्य' मालोजीरावांना फार आवडलं.

यंदाच्या दिवाळीच्या प्रदर्शनाचा विषय होता 'आपली लाइन'. कुणी खडकी घेतलं, कुणी तळेगाव, डॉक्टरांनी घाटातला बोगदा घेतला. मालोजीरावांनी काही विचार न करता सांगितलं, "मी निंबळे करणार. आमच्या लहानपणी होतं तसं. बिल्डर यायच्या आधीचं."

साहेबरावाचा चेहरा असा खुलला म्हणता! "कर, भावा, कर. वायरिंग मी करून देतो. फाटकाचा दिवासुद्धा लावून देतो."

आणि मग मालोजीराव असे काही झपाटले की विचारू नका. चहाचा चोथा उन्हात वाळवून त्याची माती केली. पुठ्ठ्याची वरची कातडी सोलून आतल्या पन्हाळींची कौलं केली. तारा पिळून झाडांची खोडं, स्पंजाचा चुरा रंगवून पानं. भैरोबाचं देऊळ, दीपमाळ, तालीम, चावडी, पाटलाची विहीर, सोनाराच्या ओट्याची फुटलेली कडा, सगळं हुबेहूब. फोटो एकही नव्हता, सगळं डोक्यातून उतरत होतं. मधेच उठून शालनबाईंना विचारायचे, "धोंडीबा न्हाव्याच्या दाराला उंबरा दगडी होता का लाकडी?" त्या म्हणायच्या, "मला काय ठावं, मी लगीन होऊन आले तवा त्यो मेलाबी हुता." तरी यांना आठवायचंच. लाकडी होता.

एका गोष्टीत त्यांनी चैन केली. तापकिरांचं खळं आणि खळ्यावरचा आंबा लाइनीच्या पलीकडच्या अंगाला, वस्तीच्या वाटेवर होता. फळीवर गाव रुळांच्या मागं, म्हणजे आंबा रुळांच्या पुढं, बघणाऱ्यांच्या बाजूला यायला हवा. तिथं जागा चिंचोळी. मग यांनी मधे रुळांना सुरेख वळण देऊन ते मागं सारले आणि पुढं जागा काढून आंबा लावला, खळं सारवलं, बैलगाडी सोडली. वळण बघून क्लबातले लोक वाहवा करायला लागले. मालोजीरावांची मान दोन बोटं उंच झाली.

साहेबराव वायरिंगला घरी आला तेव्हा फळी जवळजवळ झाली होती. त्यानं ती गुडघ्यावर बसून, डोळा कडेला लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. देऊळ पाहिलं, तालीम पाहिली, हसला. मग विचारलं, "आणि आमची वस्ती?"

मालोजीराव गडबडले. खरं सांगायचं तर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. महिनाभर गाव बांधत होते, पण वस्ती राहिली असं एकदाही मनात आलं नव्हतं. पण तसं म्हणवेना. म्हणाले, "लाइनीच्या पुढं जागाच न्हाई ना राव. रूळ पुढं ठेवायचे असा नियमच हाय."

साहेबरावानं आंब्याकडं बोट केलं. "आंबा बसला की."

एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. मालोजीरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "करतो ना! मनात हुतंच माझ्या. शेवटी करणार हुतो," ते घाईघाईनं म्हणाले. खोटं बोललं की माणूस जरा जास्तच बोलतो.

"कर बाबा," साहेबराव वायर सोलत म्हणाला. "आईला आणणार आहे मी. आता चालवत नाही तिला, पण रोज विचारते, मालूचं गाव झालं का? आपलं घर केलं का? तिला म्हटलं, केलं असणार. तेवढं घर दिसू दे तिला, बास. बाकी कसंही असू दे."

साहेबराव गेला आणि मालोजीराव कामाला बसले. फेविकॉल उघडला, पुठ्ठा घेतला, पेन्सिल घेतली. आणि हात थांबला. ओव्हाळांचं घर कसं होतं? दार कुठल्या तोंडाला? भिंत मातीची का विटांची? अंगणात काय होतं? न्हाव्याचा उंबरा आठवणाऱ्या माणसाला जिवलग दोस्ताच्या घराचं दार आठवेना! आठवणार कुठून? फाटकाशी उभं राहून हाळी मारायची, तो यायचा. खळ्याच्या पुढं, वस्तीत हे गेलेच नव्हते कधी. घरातून कुणी "जाऊ नको" असं म्हटल्याचंही आठवत नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती, अशी ती सवय होती.

"त्यांना फोन लावून इचारा की," शालनबाई म्हणाल्या. "दोन मिंटात सांगतील."

"काय इचारू? तुझं घर कसं हुतं म्हणून? काय वाटंल त्याला?"

"आन न्हाई इचारलं तर काय वाटंल?"

"तू गप गं!" मालोजीराव खेकसले. बरोबर बोलणाऱ्या बायकोवर खेकसण्याइतकं सोपं काम दुनियेत दुसरं नाही.

आज करू, उद्या करू, असं करत दिवस गेले. मधे दीपमाळेला काजळी धरल्यासारखा रंग दिला, विहिरीला रहाट लावला, बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावला. पुठ्ठा तसाच. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी क्लबाच्या कपाटात फेविक्विक शोधताना त्यांना एक पाकीट सापडलं. कुणीतरी जंगलाच्या देखाव्यासाठी मागवलेल्या तयार झोपड्या. गोल भिंती, गवताची छपरं, सगळ्या एकसारख्या. मालोजीरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पाकीट खिशात घातलं. घरी येऊन आंब्याच्या पलीकडं, फळीच्या अगदी कडेला, त्या झोपड्या ओळीनं चिकटवल्या. वर एक निळा झेंडा उभा केला. झेंड्यानं त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. झाली की वस्ती! मनातल्या मनात कुणीतरी म्हणत होतं, की अरे, हे काय केलंस, पण त्याला त्यांनी बोलू दिलं नाही.

सकाळी हॉलमध्ये फळ्या जोडल्या. गर्दीही चांगली झाली. रावेत-वाकडची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं पोरं घेऊन आली होती. निंबळ्यासमोर तर रांग लागली. क्लबाचा टीशर्ट घालून मालोजीराव फळीशेजारी उभे होते आणि "हे सगळं डोक्यातून केलंय, फोटो एकबी न्हाई" हे ज्याला त्याला सांगत होते. साहेबराव सकाळपासून वायरिंगसाठी फळ्यांच्या खाली होता, नंतर गाड्या चालवायला कंट्रोलरपाशी पार दुसऱ्या टोकाला. त्यानं निंबळे अजून पाहिलं नव्हतं. मालोजीरावही त्याच्याकडं फिरकले नाहीत.

अकराच्या सुमारास साहेबराव आईला हाताला धरून घेऊन आला. कस्तुराबाई, पांढरं स्वच्छ लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. मालोजीराव पुढं झाले आणि तिथंच अडखळले. म्हातारीला हाक काय मारायची? तापकिरांच्या घरात तिला सगळे नुसतं 'कस्तुरा' म्हणायचे, पोरंसुद्धा. तेव्हा मालोजीही म्हणायचाच. आज तोंडातून कसंबसं "या, आई" एवढं निघालं.

"मालू हायस व्हय? किती वाळलास रं," म्हातारी म्हणाली आणि तिनं फळीच्या कडेला दोन्ही हात टेकले. वाकून, नाक जवळजवळ देवळाला लावून बघायला लागली. "ह्यो भैरोबा. ही चावडी. अगं बया, पाटलाची हीर! हितनं पाणी आनायला लांब थांबावं लागायचं, कुनी घागरीत वतंस्तवर." ती हे तक्रारीनं बोलत नव्हती, ओळख पटल्याच्या आनंदात बोलत होती. मागं रांगेतले लोक कौतुकानं ऐकत होते. एका पोरानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. "ह्यो तुमचा आंबा. ह्यो..."

तिचं बोट झोपड्यांवर थांबलं.

"हे काय हाय?"

साहेबराव खाली वाकला. त्यानं झोपड्या पाहिल्या, वरचा निळा झेंडा पाहिला.

"मालू, हे कुनाचं हाय?"

"वस्ती, आई. तुमची... आपली वस्ती."

म्हातारीनं चष्मा काढला, लुगड्याला पुसला, परत घातला आणि पुन्हा पाहिलं. "आमी कवा ऱ्हात हुतो रं गवताच्या खोपीत? साहेबाचे बा पिंपरीला कंपनीत लागले, पयल्या बोनसपास्नं इटा आनत हुते. सलाब घातला आमी. निंबळ्यात पयला सलाब आमचा पडला. तुझा बाप बघाया आला हुता, फाटकात हुबा ऱ्हाऊन बघून गेला."

आणि मग खाडकन मालोजीरावांना आठवलं. सगळं आठवलं! फाटकाच्या कठड्यावर बसलं की समोरच दिसायचं ते घर, सपाट छताचं, वर पाण्याची टाकी. त्या वर्षी त्यांच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. वडील म्हणायचे, त्यांचा स्लॅब पडला आणि आपण अजून कौलं शाकारतोय. आजी म्हणायची, दिवस फिरले. रोज समोर दिसणारं घर, घरात रोज ज्याची चर्चा ते घर, आणि बांधायला बसले तेव्हा डोक्यात ते आलंच नाही. वस्ती म्हटल्यावर हात आपसूक गवताच्या छपरांकडं गेला. मालोजीरावांना वाटलं, फळीखाली शिरावं आणि वायरींच्या जंजाळात बसून राहावं.

म्हातारीला त्यांची दया आली असावी. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आसू दे. तुला कसं ठावं आसंल? तू आलाच न्हाईस कवा आत."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काठी हाणली असती तरी चाललं असतं. मोबाइलवालं पोर अजून शूटिंग करतच होतं. मालोजीरावांना मान वर करवेना.

कस्तुराबाईंना तेजस्विनीनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बोगदा दाखवायला नेलं. त्या पुढं सरकल्या तसा मालोजीरावांनी खिशातला कटर काढला आणि झोपड्या उपटायला हात घातला. साहेबरावानं तो हात वरच्या वर धरला.

"हात लावू नको."

"काढतो रं. घाण झाली माझ्या हातनं. आत्ता काढतो, रात्रीत नवीन करतो, तू सांग तसं..."

"एक फोन केला असतास ना, तर मी येऊन बसलो असतो तुझ्याबरोबर. एका रविवारात झालं असतं. विटा मी लावल्या असत्या." साहेबराव म्हणाला. "आता राहू दे. तुला आम्ही कसे दिसतो, ते तरी बघू दे लोकांना."

"साहेबा, अरे तसं न्हाई..."

"मग कसं आहे?"

साहेबरावानं त्यांचा हात सोडला, "गाडी थांबलीये तिकडं, पोरं खोळंबलीत," असं म्हणाला आणि कंट्रोलरकडं निघून गेला. आत्तापर्यंतच्या आयुष्यात तो त्यांच्याशी इतक्या शांतपणे कधी बोलला नव्हता.

दुपारी शालनबाई डबा घेऊन आल्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी काही विचारलं नाही, झोपड्या पाहिल्या आणि सगळं समजल्या. "घरी चला म्हणलं तर याल का?" एवढंच म्हणाल्या. मालोजीरावांनी नको म्हणून मान हलवली. जावं असं फार वाटत होतं. ताप आल्याचं सांगून सटकता आलं असतं, क्लबातल्या कुणाला संशयही आला नसता. पण फळी टाकून गेलं तर ती आपल्यामागं साहेबरावाला दिवसभर दिसत राहणार, हे काही त्यांना सोसवेना. उभे राहिले.

तेवढ्यात एक बाई छोट्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला कडेवर उचलून दाखवायला लागल्या. हे मंदिर, ही विहीर, हा बैल. "आणि ह्या बघ, पिहू, पूर्वी गरीब लोक अशा झोपड्यांत राहायचे."

"न्हाई ओ ताई." मालोजीरावांचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. "तिथं झोपड्या नव्हत्या. इटांची घरं होती. गावातला पहिला स्लॅब तिथं पडला. हे चुकीचं केलंय."

"हो? मग कुणी केलं असं?"

"मी."

बाई जरा गोंधळल्या, हसल्या. "तुम्ही बाहेरचे का? तुम्हाला माहीत नसेल."

काय सोपी वाट दिली होती त्या माउलीनं! नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सुटका होती. मालोजीरावांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. साहेबराव पाठमोरा होता, कंट्रोलरवर वाकलेला, पण त्याचा हात थांबला होता.

"मी त्याच गावचा," मालोजीराव म्हणाले. "माहीत होतं मला. फाटकातून समोर दिसायचं ते घर, रोज दिसायचं. माझ्या जिवलग दोस्ताचं होतं. करायला बसलो आणि मला झोपड्याच सुचल्या."

शालनबाई डब्याची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. "असू द्या हो काका, बाकी खूप छान केलंय," असं म्हणून बाईंनी मुलीला खाली उतरवलं आणि त्या लगबगीनं पुढच्या फळीकडं सरकल्या. गाडी निंबळ्यातून वळण घेऊन निघून गेली. साहेबरावानं मागं वळून पाहिलं नाही.

रांगेतले पुढचे लोक फळीपाशी आले. दोन कॉलेजची पोरं, त्यांचे आईवडील. वडिलांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "काका, ह्या कडेला झोपड्या कसल्या?"

मालोजीरावांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.